दोन मोती आणि गेनूआबांची सुतळी

आमच्या शेजारच्या गेनूआबांना केळं दिलं तर ते लगेच सोलत नाहीत. आधी कोपरीच्या खिशातून सुतळी काढतात. केळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ताणतात, तिची बरोबर मधोमध घडी घालतात आणि घडी येईल तिथं नखानं खूण करून केळं मोडतात. केळं वाकडं असतं, म्हणून सुतळी कुठल्या अंगानं धरायची यावरही त्यांचं मत आहे. पाठीवरनं धरायची. पोटावरनं धरली तर मापात पाप.

समोर दुसरं माणूस नसलं तरी अर्धं केळं ते बाजूला ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "यील की कोनतरी."

आमच्या औंढ्यात आणि आसपासच्या गावांत कुठं भावाभावांची वाटणी निघाली की आबांना बोलावणं येतं. जमीन मोजायला सरकारी माणूस असतो, पण तांब्याची घागर, कडबा, कोंबड्या, पाटा-वरवंटा हे कोण मोजणार? ते आबा मोजतात. त्यांचा नियम जुनाच आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. "पाडनाऱ्यानं उचलायचं न्हाई, उचलनाऱ्यानं पाडायचं न्हाई," हे ते इतक्या ठसक्यात म्हणतात, की भांडायला बसलेले भाऊ कुशीतल्या पोरासारखे गप्प होतात.

एकदा दोन भाऊ बांधावरच्या आंब्यावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले. आंब्याचे दोन तुकडे होत नाहीत. आबा दिवसभर त्या झाडाखाली बसून राहिले आणि संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. आंबे निम्मे निम्मे. आणि सावली? सकाळची सावली मावळतीच्या शेताला पडते, ती त्या भावाची. दुपारनंतरची उगवतीच्या शेताला, ती ह्याची. दोघांनीही कुऱ्हाडी खाली टाकल्या. सावलीवर आपला हक्क असतो हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं.

आबांना एकच गोष्ट सहन होत नाही, सामाईक. सामाईक विहिरीवर शेवाळ धरतं, सामाईक वाटेवर खड्डे पडतात. कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. "सामाईकाला वाली न्हाई," असं म्हणून ते बाजूला थुंकतात.

आबांना दोन पोरं. थोरला नवलाख उंबरे गावाच्या बाजूला कंपनीत जातो, धाकटा पर्यटकांना गाडीतून लोणावळ्याचे पॉइंट दाखवतो. आई गेल्यावर त्यांचीही वाटणी झाली आणि ती आबांनीच केली. घराच्या मधोमध सुतळी लावली, तिच्यावर भिंत उठली. भांडी झाली, गुरं झाली, शेत झालं. पुढची पडवी तेवढी दोघांच्या येण्याजाण्याची म्हणून सोडली. सगळं आटपल्यावर थोरल्यानं विचारलं, आता आबांचं कसं? आबाच हसून म्हणाले, "मी सामाईक." सगळे हसले. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, मीही हसले. तेव्हापासून आबांची बाज पडवीत, बरोबर मधोमध. जेवण एक महिना ह्या चुलीवरचं, एक महिना त्या. दोन्ही सुना चांगल्या आहेत. ताट वेळेवर येतं.

गेल्या दिवाळीनंतर आबा जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीमागून एक कुत्र्याचं पिल्लू आणायला गेले आणि दोन घेऊन आले. तिथं दोनच उरली होती. एक उचललं तर दुसऱ्याचा वाटा बुडतो, म्हणून दोन. दोघंही नर, दोघंही तांबडे. एकाच्या शेपटीला पांढरं टोक, एकाच्या नाही, एवढाच फरक. आता नावं. एकाला राजा म्हणावं तर दुसऱ्याला कमीपणा. आबांनी दोन दिवस विचार केला आणि दोघांचंही नाव मोती ठेवलं.

इथंच सगळं बिघडलं असं माझं मत. "मोत्या" म्हटलं की दोघं धावायचे आणि दारात एकाच वेळी अडकायचे. लहान होते तोवर गंमत होती. चार-सहा महिन्यांचे झाले तशी गंमत संपली. आबा भाकरी सुतळीनं मोजून दोन अर्ध्या करायचे, दोघांपुढे अगदी शेजारी शेजारी ठेवायचे, कारण शेजारी ठेवल्याशिवाय बरोबर आहेत हे दिसणार कसं? दोघं आपापली भाकरी सोडून एकमेकांच्या भाकरीकडे बघायचे. मग गुरगुर. मग धूळ. आबा त्यांना समजवायचे, "अहो, सारखंच हाये. माप घेतलंय." आबा माणसांना अरे-तुरे करतात आणि वाद घालणाऱ्यांना अहो-जाहो, मग तो वादी कुत्रा का असेना.

एका दिवशी पांढऱ्या टोकाच्या मोतीनं दुसऱ्याचा कान फाडला. आबांनी मधे हात घातला. मनगटात दात गेले. कुणाचे, ते दोघांनाही आणि आबांनाही ठाऊक नाही.

मग घरात बोलणं झालं. थोरली सून काही वाईट बोलली नाही. तिचं पोर रांगतं आहे, उद्या दोघांच्या मधे गेलं तर? एक कुत्रा कुणाला तरी देऊन टाका. तुंगार्लीच्या एका बंगल्याचा रखवालदार कुत्रा हवा म्हणतच होता. थोरला हो म्हणाला, भिंतीपलीकडून धाकटाही हो म्हणाला. वाटणीनंतर दोन भावांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. महिना संपता रविवारी रखवालदार येणार असं ठरलं.

आबा बाजेवरून म्हणाले, "भांडत्यात म्हनून एकाला काडून टाकायचं आसतं, तर औंढ्यातली निम्मी घरं रिकामी पडली आस्ती." पण त्यांच्या बोलण्यात ठसका नव्हता. कुठला द्यायचा हे कुणी विचारलं तर ते सुतळी बोटाला गुंडाळायचे आणि उलगडायचे. आयुष्यभर वाटे पाडले. उचलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मनगटाच्या सुया घ्यायला लोणावळ्याला जाताना त्यांनी फाटक्या कानाच्या मोतीलाही गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी तिकडं एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते, ती वाट तीच, म्हणून बरोबर होते. बाईंनी कान शिवला आणि शांतपणे सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, दोघांना वेगळी नावं द्या. जेवण एकमेकांना दिसणार नाही असं द्या. फिरायला एकेकट्याला न्या, एकेकट्याशी खेळा. भांडले तर मधे हात घालू नका, वरून पोतं टाका किंवा पाणी ओता आणि मग दोघांना वेगळं बांधा. जमलं तर दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. एका वेतातले दोन भाऊ एका घरात वाढले की असं होऊ शकतं, पण कष्ट घेतले तर बरेचदा निवळतं.

आबांचा चेहरा उजळला. "म्हंजी वाटनी करायची," ते म्हणाले. "मंग आदी सांगायचं की ताई. ती आपल्या हातातली हाये."

आणि आबांनी कुत्र्यांची रीतसर वाटणी केली. मी अशी वाटणी कधी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहणार नाही. आधी नावं. मोती हे नाव कुणाच्याच वाट्याला द्यायचं नाही, म्हणजे तंटा नको. जो उगवतीच्या कोपऱ्यात झोपतो तो उगवत्या, मावळतीला झोपतो तो मावळत्या. पांढऱ्या टोकाचा उगवत्या, फाटक्या कानाचा मावळत्या. एक थाळी परसात कणगीच्या आड, एक पुढं तुळशीच्या कठड्यामागं. दोन पोती घडी करून तयार. थाळ्यांतली कुठली कुणाची, ते मात्र आबा ठरवेनात. धाकट्यानं उचलायचं असा नियम. धाकटा कोण? शेवटी मावळत्याच पुढं झाला, कणगीपाशी गेला आणि तिच्यावर तंगडी वर केली. "उचलला," आबा म्हणाले. "साक्षीदार हायेत." साक्षीदार म्हणजे मी आणि दोन कोंबड्या.

गुण आला. जेवणाची भांडणं थांबली. आबा सकाळी एकाला टेकाडाकडे नेऊन आणायचे, मग दुसऱ्याला. हाक मारली की एकच यायचा. आबा छाती काढून चालायला लागले. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचे, की मानसांच्या वाटनीपरीस कुत्र्यांची सोपी, वकील लागत न्हाई.

पण एक भांडण राहिलंच. संध्याकाळी आबा पडवीत मधोमध बाजेवर बसायचे. डावा हात उगवत्याच्या डोक्यावर, उजवा मावळत्याच्या, दोन्ही हात सारखेच फिरायचे. आणि तिथंच, रोज, आबांच्या गुडघ्याखाली, दोघांचं जुंपायचं. पोतं पडायचं, पाण्याची बादली पडायची, थोरली सून पोराला उचलून आत जायची. मी इतक्या वेळा ऐकलं की रविवार नक्की झाला हे मलाही दिसत होतं.

मी बोलायला कच्ची. चार माणसांत आवाज घशातच राहतो. आबा नेहमी चिडवतात, "मंदाबाय, तुजी जीब सासरी आनायची राह्यली वाटतं." पण बघायला मी पक्की आहे. आबा पुढच्या सुयांना लोणावळ्याला गेले की कुत्र्यांची भाकरी मीच घालायची. आबा वाटेला लागले की दोघं आबांच्या बाजेखाली जायचे आणि एकमेकांच्या पाठीवर मान टाकून झोपायचे. भांडण नाही, गुरगुर नाही. आणि आबांच्या काठीचा आवाज वळणावर आला, की दोघं ताडकन उठून दात काढायचे.

शनिवारी संध्याकाळी आबा एकटेच बाजेवर होते. दोघांना दोन खांबांना बांधलं होतं, आणि आबा एकदा ह्याच्याकडे बघत होते, एकदा त्याच्याकडे. मी कढी द्यायचं निमित्त करून गेले. म्हटलं, "आबा, तुमी नसता तवा ती भांडत न्हाईत."

"जीब आली व्हय म्हायेरास्नं?" ते म्हणाले. मग माझं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरलं. "म्हंजी मी काडी लावतो म्हन की."

"तसं न्हवं. सगळं वाटलं तुमी. भाकरी वाटली, थाळी वाटली, नाव वाटलं. तुमीच वाटायचे राह्यला. तुमच्यापायी भांडत्यात ती."

मला वाटलं, जास्तच बोलले मी, कढी ठेवून निघावं. त्यांनी खिशातून सुतळी काढली, हातात धरली, आणि ती कशाला लावायची हे न कळल्यासारखी तशीच परत ठेवली.

"मंदाबाय," ते म्हणाले, "घागरीवरनं भांडलेली भावं बघितली मी. खुराड्यावरनं भांडलेली बघितली. एका घरात तर तुटक्या उखळावरनं डोकी फुटली. पन म्हाताऱ्यावरनं भांडलेली भावं काय बघितली न्हाईत ग मी."

मग त्यांनी कढीची वाटी तोंडाला लावली आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही.

रविवारी रखवालदार साखळी घेऊन आला तेव्हा दोन्ही पोरं पडवीत होती, सुना दारात होत्या. आबांनी अंघोळ करून टोपी घातली होती, वाटणीला जाताना घालतात ती. बाज मधोमध नव्हती. सकाळची वेळ, म्हणून ती मावळतीच्या टोकाला ओढलेली होती. तिच्यावर आबा आणि त्यांच्या पायाशी एकटा मावळत्या. उगवत्या परसात हाडूक चघळत होता.

"कुत्रा न्हाई द्यायचा," आबा म्हणाले. आवाजात जुना ठसका होता. "वाटनी पुरी झाली. सकाळचा मी ह्याचा, दुपारनंतरचा त्याचा. बांदावरच्या आंब्यावानी."

रखवालदार बिचारा हिरमुसला. म्हणाला, पण आबा, लई भांडत्यात असं ऐकलं होतं.

"भांडत्यात तर," आबा म्हणाले. मावळत्याच्या फाटक्या कानावरून त्यांनी हात फिरवला, एकच हात, दुसरा मांडीवर मोकळा होता. "माज्यासाटी भांडत्यात."

ज्या तोऱ्यात लोक पोरीला चांगलं स्थळ आल्याचं सांगतात, त्या तोऱ्यात त्यांनी हे सांगितलं. दोन्ही पोरं तिथंच उभी होती. थोरल्यानं खाली बघितलं. धाकटा उगाच गाडीची किल्ली शोधायला लागला.

अजून कधीमधी दोघं दात दाखवतात. पोतं घडी करून कोपऱ्यात असतंच. पण रोज दुपार कलली की आबा उठतात आणि बाज ओढत उगवतीच्या टोकाला नेतात. बाज जड आहे, तिचे पाय जमिनीला घासल्याचा आवाज माझ्या भिंतीपर्यंत येतो. परवा तो आवाज नेहमीपेक्षा लवकर थांबला म्हणून मी डोकावले. बाजेचं दुसरं टोक धाकट्यानं उचललं होतं.