रेडिओ करंजचा परत आलेला माल

ज्या कार्यक्रमाला ऐकणारा मिळत नाही तो दिवेलागणीला चालत स्टेशनवर परत येतो, हे करंजपेठेत कुणालाच नवीन नव्हतं. अडचण वेगळी होती. परत आलेले कार्यक्रम ठेवायला रेडिओ करंजकडे आता जागाच उरली नव्हती.

हे स्टेशन महालिंग शेटे यांच्या गूळ-किराणा दुकानाच्या माडीवर होतं. शेट्यांना सगळं गाव आप्पा म्हणे. पूर्वी गुळाच्या ढेपा ठेवायची ती माडी आप्पांनी आपण होऊन रेडिओला दिली, आणि जागा ज्याची तोच अध्यक्ष, या न्यायानं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. बाकी बोलायचं, गाणी लावायची, झाडायचं, परत आलेलं आत घ्यायचं, हे सगळं मालन खोत करायची. ती स्टेशनची निवेदिका होती, आणि तिच्याशिवाय स्टेशनवर दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी गुरं परतायला लागली की त्यांच्या मागोमाग कार्यक्रमही पेठेत शिरत. पाव तासाचा कार्यक्रम घडी घातलेल्या सतरंजीएवढा असे आणि अर्ध्या तासाचा भरल्या पोत्याएवढा. पीकसल्ला पायांना माती घेऊन यायचा. आरोग्यसल्ला जिन्यात दोनदा बसायचा. गुरुवारचं भजन जड, त्याला खालून हात द्यावा लागे. कुणावर हात दाबला तर आतून हलकीशी कुजबुज ऐकू येई, एवढंच. नाहीतर त्यांचा काही त्रास नव्हता.

सगळ्यांत शेवटी मालनताईचा नमस्कार यायचा. सकाळी स्टेशन उघडताना ती म्हणायची, "नमस्कार. हे रेडिओ करंज. आज जे काम हाती घ्याल ते तडीस जावो." ओंजळीत मावेल एवढाच तो. दिवसभर घराघरांत हिंडून पडल्या चेहऱ्यानं परत यायचा. त्याला ती पोत्यांवर टाकत नसे. खिडकीशेजारच्या कोनाड्यात ठेवायची. तो कोनाडाही भरत आला होता.

आप्पांचाही एक कार्यक्रम होता, 'गल्ल्यावरून' नावाचा. दर रविवारी ते त्यात व्यापारातल्या गमती सांगत. इतर कार्यक्रम निदान दिवेलागणीपर्यंत तग धरायचे. हा दुपारच्या जेवणालाच परत यायचा. आप्पा त्याला मागच्या जिन्यानं गुपचूप आत घेत. मालनताई नेमकी तेव्हा चहा टाकायला उठायची, त्यामुळे तिनं तो कधी पाहिला नाही असं दोघंही धरून चालत.

आप्पांना हे लागायचं, कारण त्यांच्या दुकानातून गेलेली वस्तू कधी परत आलेली नव्हती. एकदा एक मास्तर अडकित्ता परत द्यायला आले. म्हणाले, धार नाही. आप्पांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, पुढ्यात सुपारी ठेवली आणि मुलीच्या लग्नाची चौकशी केली. बोलता बोलता मास्तरांनी त्याच अडकित्त्यानं चार सुपाऱ्या फोडल्या आणि जाताना तो खिशात घालून घरी गेले. असा माणूस माडीवरच्या पोत्यांकडे बघत बसायचा आणि त्याला जेवण गोड लागायचं नाही.

तशात परवाना कार्यालयानं कळवलं की नूतनीकरणापूर्वी तपासणी होईल. नियम सोपा होता. तपासणीच्या दिवशी पाठवलेलं सगळं परत आलं तर स्टेशननं काही पाठवलंच नाही असं धरायचं आणि परवाना बंद करायचा. एक जरी परत आलं नाही, तरी नूतनीकरण.

"एक तर राहील की गं कुठंतरी," आप्पा म्हणाले.

"आजवर एक तरी राहिलाय का?" मालनताई म्हणाली. "आप्पा, तुमचं दुकान आहे. मला दुसरं काही येत नाही. मी उद्या कुणाला नमस्कार घालू?"

आप्पांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी दुकानात नवी पद्धत सुरू केली. भाजीवाली जशी वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तसा प्रत्येक गिऱ्हाइकाला मालावर एक कार्यक्रम फुकट. साखरेवर आरोग्यसल्ला, पेंडीच्या पोत्यावर पीकसल्ला, लग्नाचा बाजार असेल तर भजन. फुकट म्हटल्यावर लोकांनी नेले. एका बाईंनी तर आणखी एक मागून घेतला, म्हणाल्या, नणंदेला होईल. आठवड्यात माडी निम्मी मोकळी झाली. मालनताईनं जमीन सारवल्यासारखी पुसून काढली.

पण नेलेले कार्यक्रम लोकांनी कपाटावर ठेवले. ऐकले कुणीच नाहीत. आणि न ऐकलेला कार्यक्रम जिथून निघाला तिथं परत येतो. शनिवारी संध्याकाळी सगळे एकदम आले, आणि दुकानातून गेले होते म्हणून थेट दुकानात शिरले. तेलाच्या डब्यांपासून गल्ल्यापर्यंत दाटी झाली. आप्पांच्या दुकानात माल परत आला तो असा, भर बाजारच्या दिवशी, गिऱ्हाइकांदेखत.

"वर न्यायचे का?" मालनताईनं विचारलं.

"न्यायचेच," आप्पा म्हणाले. "भजनाला मी खालून धरतो."

तपासणीला सुरवसे साहेब आले. मध्यम वयाचे, नीटनेटके, सोबत स्वतःची पाण्याची बाटली. त्यांनी सकाळपासून दारात खुर्ची टाकली आणि जे जे प्रसारित होईल त्याच्यापुढे यादीत खूण करायला सुरुवात केली. नमस्कार गेला, बाजारभाव गेले, भक्तिगीतं गेली. आप्पांनी त्या दिवशी 'गल्ल्यावरून' मुद्दाम सकाळी घेतला आणि अडकित्त्याची गोष्ट रंगवून सांगितली. साहेबांचा दुसरा चहा संपतो न संपतो तोच जिन्यात पावलं वाजली.

"हा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"आमचाच," आप्पा म्हणाले. "जरा घरओढा आहे."

साहेबांनी खूण केली.

दुपारी आप्पा साहेबांना जेवायला घरी घेऊन निघाले. शटर ओढलं, कुलूप घातलं, आणि त्याआधी, हाताला उभ्या आयुष्याची सवय म्हणून, त्यांनी मीटरजवळचं मेन खाली ओढलं. शॉर्टसर्किटला भिऊन सगळी पेठ हेच करते. माडीची वीजही त्याच मीटरवरची, म्हणून रोज मालनताई गॅलरीतून ओरडायची, "आप्पा, मेन राहू द्या." त्या दिवशी ती आतल्या बंद खोलीत पीकसल्ला वाचत होती.

जेवण लांबलं. भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. आप्पा साहेबांना गोष्टी सांगत होते आणि साहेब सौजन्यानं ऐकत होते. दोघं परत आले तेव्हा दुकानापुढे माणसं जमली होती. समोरचे हमीदभाई शिंपी गळ्यात टेप अडकवून पुढेच उभे होते. न्हाव्याच्या दुकानातला एक जण अर्धी दाढी करून आला होता, गालावर साबण वाळला होता.

"आप्पा, काय झालं?" हमीदभाईंनी विचारलं. "रेडिओ गप का?"

आप्पांचा हात किल्ल्यांवर थांबला. त्यांना मेन आठवलं.

"तुम्ही ऐकत होता?" त्यांनी विचारलं.

"ऐकतो कुठं? मशीन चालू असतं माझं. रोजच चालू असतो, कोण लक्ष देतंय. पण गप झाला ना, तसा पाय थांबला माझा. म्हटलं, काय झालं? सगळे तेच ऐकत बसलोय, आता बोलेल, मग बोलेल."

"माझ्या तोंडावर वस्तरा तसाच," अर्ध्या दाढीचा माणूस म्हणाला. "विलास न्हाव्यानं हात वर धरला आणि कान दिला. मी पण दिला."

आप्पांनी कुलूप काढलं आणि मेन वर केलं. माडीवर मालनताई अंधाऱ्या खोलीत माइकसमोर बसली होती. वीज आली की लगेच बोलता यावं म्हणून तिनं बटण बंद केलं नव्हतं.

"आप्पा, मेन," ती शांतपणे म्हणाली.

"हो गं," आप्पा म्हणाले.

सुरवसे साहेबांनी चौकशी केली. टेकडीवरचं प्रक्षेपणाचं यंत्र बॅटरीवर चालत होतं. म्हणजे स्टेशन बंद पडलेलं नव्हतं. त्यावरून दुपारभर नुसती शांतता जात होती. साहेबांनी थोडा विचार केला आणि शांततेपुढेही खूण केली.

दिवेलागणीला सगळे यायला लागले. बाजारभाव आले, भक्तिगीतं आली, अर्धवट राहिलेला पीकसल्ला लंगडत आला. साहेब एकेक खूण करत गेले. शेवटी नमस्कार आला. मालनताईनं त्याला उचलून कोनाड्यात ठेवलं आणि पदरानं डोळे न पुसता कपाळ पुसलं.

"आता कोण राहिलं?" आप्पांनी विचारलं.

"शांतता," साहेब म्हणाले.

"केवढी असेल?" मालनताईनं विचारलं. "मी जिना मोकळा करते."

"दुपारभराची आहे. बरीच मोठी असणार."

त्यांनी जिन्यातली सायकल बाहेर काढली. आप्पांनी दुकानापुढची घमेली सरकवली. तिघं पायरीवर उभे राहिले. गुरं केव्हाच गेली. समोर हमीदभाईंनी दिवा लावला. रस्त्यानं कुणी आलं नाही.

"परत येताना ती दिसेल ना, पण?" आप्पांनी विचारलं.

"दिसेल. प्रत्येक वस्तू दिसते," साहेब म्हणाले. "प्रश्न दुसरा आहे. शांतता हा तुमचा कार्यक्रम धरायचा का?"

आप्पांनी गल्ल्यावर बसल्यासारखी मांडी घातली, पायरीवरच.

"साहेब, पाठवली कुणी?"

"तुमच्या स्टेशननं."

"गेली कुणाच्या लहरीवरून?"

"तुमच्याच."

"आणि गावानं ठेवून घेतली. आता गूळ मी चुकून तोलला असेल, पण गिऱ्हाइकानं नेला आणि परत आणला नाही, तर तो विकला गेला म्हणायचं की नाही?"

साहेबांनी नियम पुन्हा वाचला. नियमात 'पाठवलेली वस्तू' असं लिहिलं होतं. तिला आवाज असावा असं लिहिलेलं नव्हतं. ते आणखी थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले, कारण ते कर्तव्यदक्ष होते. मग बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन ते म्हणाले, "नूतनीकरण होईल. मात्र ज्या मालाला उठाव आहे त्याचाच परवाना देता येतो. तुमचा परवाना यापुढे शांततेचा राहील."

"आणि कार्यक्रम?" मालनताईनं विचारलं.

"व्यत्यय म्हणून चालतील. थोडक्यात असावेत."

तेव्हापासून रेडिओ करंजवर बहुतेक वेळ शांतता असते. मेन ओढायचं काम अध्यक्ष या नात्यानं आप्पांकडे आहे आणि ते त्यात कसूर करत नाहीत. माल ओळखला की पुढचं त्यांना शिकवावं लागत नाही. शांतता तोलून द्यायची आणि वर चार शब्द टाकायचे, कोथिंबिरीसारखे. सुरुवातीला लोकांनी तक्रार केली की मध्येच कुणीतरी बोलतं. मग त्याचीही सवय झाली. पीकसल्ला दोन वाक्यांचा झाला आणि परत येताना निम्मा येऊ लागला. आप्पांचा 'गल्ल्यावरून' अजून सगळाच येतो, पण आता दिवेलागणीला, इतरांबरोबर. आप्पा त्याला पुढच्या जिन्यानं घेतात.

परवाना भिंतीवर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालनताईनं खूप वेळ काहीच केलं नाही. माइक चालू होता. खाली हमीदभाईंचं मशीन थांबलं. मग ती म्हणाली, "नमस्कार." एवढंच, आणि पुन्हा गप्प झाली.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. बाजारभाव आले. भजन आलं, एकटंच चढलं. कोनाडा तिनं आधीच पुसून ठेवला होता.

"आप्पा," तिनं खाली हाक मारली, "नमस्कार आला नाही अजून."

"येईल की."

"एवढा उशीर करत नाही तो. कुठं अडकला असेल का?"

आप्पा शटर अर्धं ओढून वर आले आणि तिच्याशेजारी उभे राहून रस्त्याकडे बघू लागले. पेठ रिकामी होती. कुणाच्या तरी घरात भांड्यांचा आवाज होत होता.

"अडकला नसेल," ते म्हणाले. "कुणीतरी ठेवून घेतला असेल."

कुणी यायचं बाकी असताना मालनताईनं आजवर दार कधी लावलं नव्हतं. ती अजून थोडा वेळ थांबली. मग तिनं दार ओढून घेतलं आणि कडी घातली.