सायखेडकर काकांच्या तारखा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सायखेडकर काकांकडे गाणं ऐकायला गेलं, तर गाण्याचं नाव सांगून काही उपयोग नसे. "तारीख सांग," म्हणत. गायक कोण, राग कुठला, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते गाणं त्यांनी कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये ज्या दिवशी उतरवलं, तो दिवस तुम्हाला ठाऊक पाहिजे. मला तो कसा ठाऊक असणार? पण काकांच्या लेखी हा माझा गलथानपणा होता.

"तुझ्या घरचा गॅस संपला आणि तुझी बायको आमच्याकडे भात लावून गेली, त्या दिवशी भरलंय ते. आठव जरा."

नव्वदीच्या शेवटी मुलाच्या, मंदारच्या, इंजिनीअरिंगसाठी त्यांनी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. हॉस्टेलला जाण्याआधी मंदारने वडिलांना काळ्या पडद्यावर टाइप करायच्या चार आज्ञा शिकवल्या. काका तिथेच थांबले. जग माउसवर गेलं. काकांनी माउस फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकला. "बोट दाखवून काय मागायचं? मागायचं तर शब्दांत मागावं." मग चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटाने, या तारखेपासून त्या तारखेपर्यंतची गाणी मागत. एक अक्षर चुकलं की पडदा इंग्रजीत खेकसे. काका त्याच्याकडे आदराने बघत.

एकदा काकींनी एक अभंग लावायला सांगितला. काकांनी तारीख विचारली.

"लग्नाची तेवढी पाठ आहे," काकी म्हणाल्या. "तेवढीच पुरे झाली." आणि पिशवी घेऊन भाजीला निघून गेल्या.

हे किस्से मी चवीने सांगत असे. मग हळूहळू लक्षात आलं, की काकांच्या खऱ्या तारखा मंदारच्याच आहेत. तो पहिल्या वर्षात पास झाला तो दिवस, पहिला पगार झाला तो दिवस, बंगलोरहून आपणहून फोन केला तो. मंदारचं काही चांगलं झालं की काका एक कॅसेट उतरवायला घेत. आमचे गॅस-बिस मधल्या भरतीला. पुढे मंदारचे फोन आटले, तशा कॅसेटीही आटल्या. गाणं चालू असताना काका त्या दिवसाबद्दल बोलत, गाण्याबद्दल नाही.

आणि एकदाचा मंदार आला. आईवडिलांसाठी नव्हे, त्र्यंबकला सासूबाईंची पूजा होती, ती आटपेपर्यंत वेळ काढायला. येताना नवा कॉम्प्युटर घेऊन आला. दिवसभर बसून त्याने जुन्यातली सगळी गाणी नव्यात घातली आणि जाता जाता जुना डबा द्वारका चौकातल्या भंगारवाल्याला देऊन टाकला. "बाबा, आता माणसांसारखी गाणी ऐका," म्हणाला आणि गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला हाक मारली. नव्या मशीनमध्येही त्यांनी तो काळा पडदा शोधून काढला होता, पण कुठलीही तारीख मागा, पडदा रिकामा. शेवटी उलगडा झाला. गाणी उतरवताना जुन्या तारखा तशाच ठेव म्हणून मशीनला सांगावं लागतं. मंदारने सांगितलं नव्हतं. प्रत्येक गाण्यावर आता कालची तारीख बसली होती. आपलाच निकाल, आपलाच पगार, दिवटा एका दिवसात पुसून गेला. हा म्हणे कॉम्प्युटरमध्ये साहेब आहे. मी चौकात धावलो, तर भंगारवाल्याने डबा फोडून पत्रा वेगळा केला होता.

माझं डोकं फिरलं. "फोन लावतो त्याला. कळू दे तरी काय करून ठेवलंय."

काकांनी फोनवर हात ठेवला. "नको रे. मन लावून करत होता. मान वर केली नाही."

महिनाभराने मीच म्हटलं, "काका, नावाने शोधा ना आता. गाणी तर सगळी आहेत."

त्यांनी ती एकच तारीख टाइप केली. सगळीच्या सगळी गाणी पडद्यावरून वाहायला लागली, थांबेचनात.

"त्या दिवशी दिवसभर या खुर्चीत बसला होता," काका म्हणाले. "दोनदा चहा मागितला माझ्याकडे. आता कुठलंही गाणं लाव, मंदार घरीच असतो."

काकी हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"मग लावा की," त्या म्हणाल्या. "कुठलंही."