बर्फ पेलणारा मांडव

ड्रॉइंग कसं वाचायचं ते मला विचारा! कळव्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो मी. पंप, बॉयलर, वाकड्यातिकड्या पाइपांचं जाळं, काय काय माझ्या टेबलावरून गेलं, पण एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला नाही. तेव्हा टिटवाळ्याच्या आमच्या रो हाउसमागे, बारा बाय दहाच्या अंगणात, एक पर्गोला उभा करणं म्हणजे माझ्या हातचा मळ होता!

पर्गोला म्हणजे चार खांब, वर तुळया आणि तुळयांवर लाकडी पट्ट्या. छप्पर नाहीच. आमचे सुतार तानाजी चित्र बघून म्हणाले, "म्हणजे अर्धवट सोडलेला मांडव!" मी त्यांना माफ केलं.

तो हवा होता मंजुळेसाठी, माझ्या बायकोसाठी. दोन वर्षांपासून तिची फुफ्फुसं आक्रसत चाललेली. डॉक्टरांनी आजाराला हातभर लांब नाव दिलेलं, पण अर्थ एवढाच, की भांडी घासायचा स्पंज वाळून कडक होतो, तसं आत चाललंय. आणि वाळलेला स्पंज पाण्यात टाकला की मऊ होतो, तसा यावर काही उपाय नाही. नाकात नळी आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, दिवसरात्र घरघर करणारं. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी मोकळ्या हवेत बसवत जा. बसवणार कुठे? आमच्या अंगणात जानेवारीतसुद्धा दहा वाजता लाद्यांवर पापड भाजून घ्यावेत!

"हिरवी जाळी बांधा. पंधरा मिनिटांचं काम," मंजुळा म्हणाली.

"जाळी? स्वतःला काय नर्सरीतलं रोप समजलीस?"

मी आठवडाभर अभ्यास केला. फायबरचे पत्रे बघितले, ॲल्युमिनियमचं बघितलं, बांबूचंही बघितलं. तेवढ्यात कॅनडातून, कॅल्गरीहून, आमच्या मुलीचं, सान्वीचं ड्रॉइंग आलं. तिच्या घरामागे तिने नवऱ्याबरोबर बांधलेल्या पर्गोलाचं. खाली तिने लिहिलेलं, "बाबा, माझा असा आहे. आईचाही असाच झाला, तर आम्ही दोघी एकसारख्या जागी बसू."

संपलं! जाळी, पत्रे, बांबू सगळं बाद. कारण सान्वी दोन वर्षांत आलेली नव्हती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. ती दर महिन्याला विचारायची, "आई, येऊ का?" आणि मंजुळा दर महिन्याला सांगायची, "कशाला? मी ठणठणीत आहे." मग फोन बंद करायची आणि दहा मिनिटं खोकत बसायची. पोरीने आईसाठी दुसरं काय पाठवायचं? ड्रॉइंग पाठवलं. त्यातली एक रेघ बदलायची माझी हिंमत नव्हती.

तानाजींना ते मान्य नव्हतं.

"साहेब, चार फूट खड्डा? दीड फूट बास झाला!"

"ड्रॉइंगमध्ये चार आहे. तिकडे थंडीत जमीन गोठते. गोठली की फुगते, आणि वरचा खांब उचलते."

"इकडे गोठते?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"आणि तुळया एवढ्या जाड? हत्ती बांधायचाय?"

"बर्फाचं वजन पेलायला."

तानाजींनी आभाळाकडे पाहिलं. वर एक घार तेवढी फिरत होती. "साहेब, टिटवाळ्यात बर्फ पडला ना, तर मी उघड्या अंगाने नाचेन!"

पण माणूस सज्जन. खणायला लागले.

सोमवारी सकाळी दोन खड्डे झाले. त्याच वेळी मशीनवाल्या कंपनीचा माणूस येऊन जुनं मशीन घेऊन गेला. ते मधूनमधून बंद पडत होतं. नवीन संध्याकाळी येणार होतं, तोवर मंजुळा सिलिंडरवर. सिलिंडर आवाज करत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच घर गप्प झालं आणि मंजुळेला छान झोप लागली. मी तिचा मोबाइल सायलेंटवर टाकला, दार ओढून घेतलं आणि मागे आलो.

साडेनवाला तिसऱ्या खड्ड्यात, बरोबर साडेतीन फुटांवर, तानाजींची पहार लागली ती ड्रेनेजच्या लाइनीला!

काय उसळलं म्हणता! आख्ख्या रांगेतल्या आठ घरांची सकाळ त्या लाइनीतून चाललेली. मी वाकून बघायला गेलो आणि माझ्या खिशातला मोबाइल सरळ आत. बुडूक! आवाज अजून कानात आहे. तानाजी प्लंबरला आणायला स्टेशनकडे पळाले. मी घरातून दोन पांढऱ्या चादरी आणल्या, खड्ड्यावर टाकल्या, नाकाला रुमाल लावला आणि उभा राहिलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सुमेधाताईंचं डोकं वर आलं. आमच्या शेजारीण. निवृत्त शिक्षिका, सान्वीला दहावीला गणित शिकवलेलं. बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. त्यांनी मला पाहिलं. खड्डे पाहिले. चादरी पाहिल्या. भिंतीला टेकवलेले चार लांब लाकडी खांब पाहिले. आमच्या घरातली घरघर बंद झालेली त्यांना अर्ध्या तासापूर्वीच जाणवलेली, हे मला नंतर कळलं.

"प्रफुल्लराव," त्या हळूच म्हणाल्या, "काय झालं हो?"

माझ्या डोक्यात फक्त लाइन. "गेली, ताई!"

त्यांचा हात तोंडावर गेला. "केव्हा?"

"आत्ताच. साडेनवाला."

"फार त्रास झाला का?"

"छे! एका क्षणात. मी समोरच उभा होतो, पण काही करता नाही आलं."

"अरेरे!"

"आतून कुजलेलीच होती हो. आज ना उद्या जाणारच होती. वास येतोय ना तुमच्याकडे? माफ करा. चादर घालून ठेवलीय. माणूस येतोय, मग उचलतो सगळं."

सुमेधाताईंनी भिंतीची कड घट्ट धरली. "आणि सान्वी? तिला कळवलंत ना?"

"मुळीच नाही! तुम्हीही सांगू नका. तिला वाटेल, आपल्यामुळेच झालं."

"अहो, पण असं कसं..."

"काही नाही, ताई. जुनी काढायची, नवीन आणायची. दोन दिवसांत! कुणाला कळणारसुद्धा नाही."

सुमेधाताईंचं डोकं भिंतीखाली गेलं. मला वाटलं, वासाने चक्कर आली असेल.

त्या घरात गेल्या, रडल्या आणि मग त्यांनी कर्तव्य केलं. सान्वीला फोन लावला. कॅल्गरीत तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेलेले. सान्वीने मला सतरा वेळा फोन केला. मोबाइल आठ घरांच्या सांडपाण्यात. आईला केला, तो सायलेंट. मग तिने मामाला लावला. मंजुळेचा थोरला भाऊ रामा, कळव्याला असतो. त्यानेही आम्हा दोघांना लावून पाहिला, उत्तर नाही. मग तो पांढरा सदरा घालून, आठ माणसं गोळा करून, मेणबत्त्या आणि फुलं घेऊन गाडीत बसला. माझी पोर तिकडे एक बॅग घेऊन विमानतळावर निघाली.

मला यातलं काहीही माहीत नाही! मी प्लंबरबरोबर गुडघाभर घाणीत.

साडेबाराच्या सुमाराला पुढच्या दाराशी गलबला ऐकू आला. मी तसाच, माखलेल्या पायांनी, घरातून पुढे गेलो. दारात रामा. मागे पांढऱ्या कपड्यांतली माणसं. सगळ्यांच्या मागे सुमेधाताई, हातात पिठलं-भाताचा डबा. आमच्या घरी आज चूल पेटणार नाही म्हणून.

रामाने मला मिठी मारली. माझ्या अंगाला एवढा वास असूनही मारली! "प्रफुल्ल, मी काल यायला पाहिजे होतं रे! काल!"

"काल कशाला? काल नुसते दोन खड्डे आखले होते."

आतलं दार उघडलं. मंजुळा, नाकात नळी, एका हाताने सिलिंडरची ढकलगाडी ओढत बाहेर आली. झोपेने केस विस्कटलेले. तिने सगळ्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"रामादादा," ती घाबरून म्हणाली, "कोण गेलं?"

रामाच्या हातातली फुलं खाली पडली. शेवटी तो म्हणाला,

"तू."

सुमेधाताई मटकन पायरीवर बसल्या. डबा तेवढा सांडू दिला नाही!

पुढची दहा मिनिटं मी तुम्हाला सांगणार नाही. रामा काय काय बोलला तेही नाही. एकच सांगतो, मंजुळेला सगळं कळल्यावर ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि खोकता खोकता निळी पडली. आम्ही सिलिंडरची चावी वाढवली, पाठ चोळली. नऊ माणसं श्वास रोखून तिच्याकडे बघत उभी. पंधरा-वीस मिनिटांनी ती सावरली. आणि पहिला प्रश्न, "सान्वीला कुणी सांगितलं?"

तेव्हा सगळ्यांना सान्वी आठवली. तिचा फोन बंद. ती विमानात होती, आई गेली असं समजून.

चार तास. त्या चार तासांत मी दाराशीच उभा होतो. आत बसायचा अधिकारच उरला नव्हता. रामाने दर पाच मिनिटांनी फोन लावला. पिठलं-भात तसाच राहिला. मंजुळेने दोन घास खाल्ले आणि सुमेधाताईंना म्हणाली, "मीठ कमी आहे." त्यावर त्या बिचाऱ्या पुन्हा रडल्या.

साडेचारला फोन लागला. सान्वी टोरांटोला उतरलेली, पुढचं विमान तीन तासांनी. रामाने व्हिडिओ चालू करून मोबाइल मंजुळेच्या हातात दिला. पलीकडे सुजलेले डोळे आणि अंगात उलटा घातलेला स्वेटर.

"आई," सान्वी म्हणाली, "तू आहेस?"

"आहे गं."

मग तिकडून नुसतं रडणं. आसपासची माणसं वळून बघताना दिसत होती. ती शांत झाल्यावर म्हणाली, "मग मी परत जाऊ का? इथूनच? रजा सांगितलेली नाहीये नीट."

मी मान खाली घातली. मंजुळेचं उत्तर मला पाठ होतं. दोन वर्षं ऐकत आलेलो.

मंजुळेने श्वास घेतला. तो मिळायला वेळ लागला. मग म्हणाली,

"नको जाऊस. ये."

सान्वी बुधवारी पहाटे पोचायची होती. तानाजींनी मंगळवारी दुसरी कामं सोडून, दोन माणसं जास्तीची लावून, पर्गोला उभा केला. लाइन बाजूने वळवून घेतली. जाताना म्हणाले, "साहेब, बर्फाचं बघितलं मी. बिनधास्त पडू दे."

सकाळी सान्वी आईला बिलगून झाल्यावर मागे आली. तिने खांबावर हात फिरवला. वर पाहिलं.

"बाबा, हे एवढं जाडजूड का केलंत?"

"तुझं ड्रॉइंग! रेघ न् रेघ!"

"अहो बाबा, ते कसं दिसतं एवढंच बघायला पाठवलेलं! तिकडे ऊन मिळत नाही, म्हणून पट्ट्या अशा तिरक्या ठेवतात. सगळं ऊन आत यावं म्हणून."

मी वर पाहिलं. सगळं ऊन आत आलं होतं.

अकरा दिवस राहिली ती. रोज सकाळी दोघी तिथे बसायच्या, डोक्यावर एकेक ओला पंचा टाकून. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तर मंजुळा सान्वीच्या पोटावर हात ठेवून बसलेली. गोड बातमी मला नंतर सांगितली.

मंजुळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. या वेळी सान्वीला येता आलं नाही. सातवा महिना चालू होता, डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलेलं. तिने सगळं रामाच्या मोबाइलवर पाहिलं. सुमेधाताईंनी शेवटपर्यंत तो मोबाइल हातात धरून ठेवला, हात जराही न हलवता.

पण मला सांगायचीय ती सान्वी परत गेली त्या सकाळची गोष्ट. गाडी कोपऱ्यावरून वळली. मी मंजुळेला मागे पर्गोलाखाली आणून बसवलं आणि बाजूला उभा राहिलो. आठवडाभर जे म्हणायचं होतं ते अखेर म्हणालो.

"चुकलं माझं. पोरीला उगाच सहा-सात तास जिवंत मारलं मी."

"हो, मारलंत," ती म्हणाली. मग थोडा वेळ श्वासच घेत राहिली. "पण मेल्यावर आली असती, तर मला कुठे दिसली असती?"

ती दारापाशी पडलेल्या सान्वीच्या सपातांकडे बघत होती. विसरून गेलेली पोरगी.

जरा वेळाने तिने माझी बाही ओढली.

"अहो, खुर्ची त्या सुमेधाताईंच्या भिंतीच्या सावलीत घ्या ना. इथे फार ऊन लागतं."