बापूंचं अधिक सात

जामसंड्याच्या बाजारात बांगड्यांचा भाव न विचारणारा एकच माणूस आहे, आमचे शेजारी बापू. ते टोपलीवर वाकतात, एका बांगड्याला बोट लावतात आणि विचारतात, "हेका शेवटचो हात कधी लागलो गो?"

"आत्ता तुमचोच लागलो!" मासेवाली सुगंधा म्हणते. "घेतास तर घेवा, नायतर काढा हात."

बापू खूश. माझ्याकडे वळून म्हणतात, "बघलंस वैजू? हात लागलो की तारीख बदलली."

बापूंचा सगळा जन्म मुंबईच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळण्यात गेला. निवृत्त होऊन गावी आले ते काळा पडदा आणि पांढरी अक्षरं घेऊनच. चित्रांवर टिचकी मारून फाईल उघडणं त्यांना पोरखेळ वाटतो. ते हुकूम टाइप करतात आणि हाताची घडी घालून उत्तराची वाट बघतात.

मी गावातल्या वाचनालयाचं काम बघते. याद्या हा माझा प्राण. वार्षिक कार्यक्रमाच्या आधी छापखान्यातून फोन आला, की पत्रिकेचा मजकूर आत्ता पाठवा, नाहीतर मशीन दुसऱ्या कामाला लागेल. माझ्याकडे 'पत्रिका-अंतिम', 'पत्रिका-अंतिम-खरी' आणि 'पत्रिका-अंतिम-खरी-नवी' अशा तीन फाइली होत्या. तिन्हींत अध्यक्ष जुनेच. काल दुरुस्त केलेली पत्रिका कुठेच नाही. मी बापूंना हाक मारली.

"नावान सोधू नको," ते खुर्ची ओढत म्हणाले. "नाव मानूस ठेवता, म्हणान ता खोटा बोलता. तारीख मशीन ठेवता." आणि त्यांनी एक ओळ टाइप केली:

find . -mtime -2

म्हणजे इथेच शोध, शेवटचा बदल दोन दिवसांच्या आतला. वजा म्हणजे आतला, अधिक म्हणजे त्याहून जुना. पडद्यावर एकच फाईल आली. नाव होतं 'वाटाणे'. किराणा यादी उघडी असताना मी पत्रिका तिच्यातच लिहून जतन केली होती.

"अध्यक्ष वाटाण्यात गावले गो!" बापू इतके हसले की त्यांचा चष्मा कळफलकावर पडला.

हे वजा-अधिक त्यांच्या बोलण्यातही शिरलं आहे. ताजी भाकरी 'वजा एक'. फ्रीजमधली आमटी 'अधिक दोन, देवाक सोड'. दिगू शिंपी आठवडाभर दिसला नाही, तर 'दिगू अधिक सात झालो.'

त्यांची आणखी एक सवय म्हणजे अचानक येणं. दारात चप्पल काढायची, "सहज इलंय" म्हणायचं, अर्धा कप बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि उठायचं. मी घरात गुडघा घेऊन पडले होते तेव्हाही ते असेच सहज यायचे. मला वाटायचं, रिकामा माणूस, पाय नेतील तिकडे जातो.

गेल्या महिन्यात सकाळी कुंपणापलीकडे बघितलं तर बापू पायरीवर, डोक्याला हात लावून बसलेले.

"काय झाला बापू?"

"सगळ्यांची तारीख आजची झाली."

त्यांची जुनी डिस्क खरखरायला लागली होती. घाईघाईत त्यांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि हुकुमातलं एक छोटं अक्षर विसरले. ते अक्षर घातलं तर फाइलींच्या जुन्या तारखा जशाच्या तशा येतात. विसरलं तर सगळ्यांवर आजचा शिक्का. जुनी डिस्क तेवढं काम करून कायमची गप्प झाली होती.

"मजकूर आसा मा सगळो?" मी विचारलं.

"मजकूर नव्हतोच. तारीखच होती."

त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. 'मानसा' नावाचा एक फोल्डर. आत सुगंधा, दिगू, कुणकेश्वरची पार्वतीआक्का, वैजू, असा सगळा गाव. माणशी एक फाईल, प्रत्येक रिकामी. एखादा माणूस भेटला, बोलला, की बापू घरी येऊन त्याच्या फाईलची तारीख आजची करत. आणि रोज सकाळी 'अधिक सात' विचारत: आठवड्यापलीकडे कोण गेलं? जे नाव येई, त्याच्या दारात बापू सहज उभे राहत.

"आज विचारलंय, तर एकव नाव इला नाय," ते म्हणाले. "मशीन म्हणता, सगळी आजच भेटली. आता कोण मागे रवलो, माका कसा कळात?"

मला रडूबिडू येत नाही. मला काम सुचतं.

"बापू, चप्पल घाला. तारीख आजची आसा ना? मग ती खरी करूया."

मी स्कूटर काढली, बापू मागे बसले आणि आम्ही 'मानसा' फोल्डरमधल्या नावांमागे निघालो. पहिल्याच घरात गोंधळ झाला. मला आणि बापूंना एकत्र बघून घरमालकाने हात जोडले. "वैजूताई, वाचनालयाची वर्गणी दिली मा मी!"

"वर्गणी नको, सहज इलंव."

"दोगा मिळान? सहज?" त्याचा काही विश्वास बसेना.

प्रत्येक घरी चहा, नाहीतर कोकम सरबत. दिगू शिंपी घरीच होता, पाय प्लास्टरमध्ये. "बापू, तुमी इलास! माका वाटला, गाव विसारलो माका." बापूंनी त्याच्या प्लास्टरला हळूच बोट लावलं.

ऊन उतरताना कुणकेश्वरला पोचलो. नारळ विकणारी पार्वतीआक्का शेवटची. तिने शहाळी फोडली आणि आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो.

"मुंबयत एकदा तापान पडलंय," बापू अचानक म्हणाले. "खोलीत एकटोच. आठ दिवस दार वाजला नाय. बरो होवन हापिसात गेलंय, तर सायब विचारता, सुट्टी कशी गेली?" ते हसले. मग शहाळ्यात बघत म्हणाले, "माजा अधिक सात विचारणारो कोण नव्हतो गो."

घरी परतल्यावर मी त्यांचा फोल्डर आठवून बघितला. सगळा गाव होता त्यात. बापू नव्हते.

आता माझ्या कॉम्प्युटरवर एक फाईल आहे. नाव 'बापू', आत काही नाही. अधिक सात सोडा, मी ती अधिक एकसुद्धा होऊ देत नाही. संध्याकाळी कुंपणाचं फाटक ढकलून जाते, तेव्हा ते आतून ओरडतात, "काय गो वैजू, आता काय हरवलंस?"

"काय नाय," मी पायरीवर बसत म्हणते. "सहज इलंय."