टॉवेल वाळेल त्या गावी

आमच्या थोरलीनं शाळेत सूर्याचं चित्र काढलं आणि आमच्यावर गाव सोडायची वेळ आली.

सूर्य लांबट होता, पांढरा होता आणि दोन्ही टोकांना काळा पडलेला होता.

"हे काय गं?" वर्गाच्या बाईंनी विचारलं.

"सूर्य."

"असा?"

"चालू व्हायला वेळ लागतो त्याला," थोरली म्हणाली. "आधी फडफडतो."

बाईंनी मला बोलावून चित्र हातात दिलं. वर आमची ट्यूबलाइट, खाली आम्ही चौघं. त्याच आठवड्यात धाकट्याच्या खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "औषध नको. याला ऊन मिळू द्या," म्हणाले. जसं काही मी ऊन घरात दडवूनच ठेवलं होतं! (या वाक्याला आमचे मास्तर अजून हसतात.)

माझी लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. कपडे कधी मिळतील असं कुणी विचारलं, की मी "गुरुवारी" म्हणते. कुठला गुरुवार ते मी सांगत नाही आणि सभ्य गिऱ्हाईक विचारत नाही. मास्तर म्हणजे आमचे हे. शाळेत भूगोल शिकवतात.

"अहो, आपण उन्हाच्या गावी राहायला जाऊ या," मी जेवताना म्हटलं.

मास्तरांनी घास परत ताटात ठेवला. "इथे ऊन कमीच पडतं. त्याला भौगोलिक कारणं आहेत."

"कुठली?"

"बरीच आहेत."

"एक सांगा."

"मुलांसमोर नको," ते म्हणाले आणि घास उचलला.

आता प्रश्न होता, जायचं कुठे. मास्तरांनी नकाशा पसरला, पण नकाशावर सगळीच गावं कोरडी दिसतात. मी म्हटलं, ऊन ओळखायची आम्हा लाँड्रीवाल्यांची एकच रीत असते. मी दुकानातले चार सारखे टॉवेल काढले. एक समुद्राकाठच्या ताईला पाठवला, एक डोंगरावरच्या मावसदिराला आणि एक पार तिकडे माळावर राहणाऱ्या नणंदेला. सकाळी भिजवा, पिळा, वाळत घाला, संध्याकाळी कळवा. चौथा मी आमच्याच गॅलरीत घातला, तुलनेसाठी. दोरीवर जागा नव्हती, म्हणून गिऱ्हाइकांच्या दोन ब्लँकेटांच्या मधे कोंबला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "अगं, वाळला, पण चिकट झालाय. पुसून घेतलं की परत आंघोळ करावीशी वाटते."

समुद्र बाद.

मावसदीर म्हणाले, "वहिनी, टॉवेल वाऱ्यानं नेला." आमची मुलं अंगानं हलकी आहेत. डोंगरही बाद.

नणंदबाईंनी तर दुपारीच फोन केला होता. "वहिनी, पत्र्यासारखा कडक झालाय! भिंतीला टेकवून उभा केलाय, राहतोय. कधी येताय?"

आणि आमच्या गॅलरीतला? तो तिसऱ्या दिवशीही ओला होता आणि त्याला वास यायला लागला होता.

"बघा!" मी तो मास्तरांच्या नाकाखाली धरला. "अशा हवेत वाढतायत माझी पोरं!"

मास्तर शिंकले. त्यांची हरकत होती, असं आता म्हणतात. मला तेव्हा ती शिंकच वाटली.

मग काय, मी पदर खोचला. (मी पंजाबी ड्रेस घालते, पण काही कामं पदर खोचल्याशिवाय होत नाहीत.) मास्तरांना बदलीचा अर्ज करायला लावला. शेजारच्या शिंप्याला आमचं घर घेतोस का विचारलं, तर तो तयारच होता. वर येऊन, डोळे बारीक करून त्यानं खोली पाहिली.

"अंधार आहे जरा," मी प्रामाणिकपणे म्हटलं.

"असू द्या हो, वहिनी. छान आहे."

केवढा समजूतदार माणूस, असं मला वाटलं. मी त्याला शब्द दिला. ट्रक ठरला. नणंदेनं तिकडे घर बघितलं, तिच्या अगदी समोरचं. "खिडकीतून हाक मारली की ऐकू येईल," ती म्हणाली. तिची हाक मला इथेही ऐकू येते, पण मुलांसाठी माणूस काय काय करतं.

फक्त थोरली तयार नव्हती.

"तिकडे बाई कोण असणार?" तिनं विचारलं.

"नव्या बाई."

"मला याच हव्यात," ती म्हणाली आणि तिनं आपली दप्तराची पेटी पलंगाखाली सरकवून ठेवली, सामानात जाऊ नये म्हणून. मी ती बाहेर काढली की ती पुन्हा आत सरकवायची. माझा जीव थोडा थोडा होत होता. पण धाकटा खोकला, की मी पुन्हा खोकी बांधायला घ्यायची.

शेवटी राहिली गॅलरी. धाकटा पोटात होता तेव्हा दुकानातलं वाळवायचं मशीन बंद पडलं होतं आणि मी तिथे दोन ब्लँकेटं घातली होती, तात्पुरती. मशीन दुरुस्त झालं, पण सवय राहिली. एक उतरलं की दुसरं चढायचं. शिवाय "गुरुवारी येतो" म्हणून गेलेली आणि फिरून न आलेली गिऱ्हाइकं. त्यांच्या रजया, गालिचे, एका नाटक मंडळीचा मखमली पडदा, असं सगळं वरपासून खालपर्यंत लटकत होतं. धाकट्याला तर ती भिंतच वाटायची. तो तिच्यावर बॉल मारायचा.

रविवारी सकाळी शिंपी खोलीचं माप घ्यायला वर आला होता. मास्तर स्टुलावर उभे राहून एकेक रजई खाली देत होते. मी घड्या घालत होते. शेवटी त्यांनी मखमली पडदा ओढला.

"आई!" धाकटा ओरडला. "भिंत पडली!"

"आई, लाइट कुणी लावला?" थोरलीनं डोळ्यांवर हात घेतला.

लाइट कुणीच लावला नव्हता. खोलीभर ऊन आलं होतं. पलंगावर, खोक्यांवर, मास्तरांच्या टकलावर. पलंगाखाली लपवलेली ती पेटीसुद्धा चकाकत होती. धाकटा जमिनीवरच्या उजेडात आडवा पडला आणि पाय हलवायला लागला.

मी स्टुलाकडे पाहिलं. "मास्तर, ही बाजू कुठली?"

मास्तर बराच वेळ सूर्याकडे बघत राहिले. "पूर्व असावी," ते म्हणाले.

"असावी?"

"आता तरी तसंच दिसतंय."

"आणि ती तुमची भौगोलिक कारणं?"

"ती तूच धुवून वाळत घातली होतीस."

मी मटकन खोक्यावर बसले. माझं ऊन मला सापडलं होतं, तेही घर दुसऱ्याला देऊन झाल्यावर. शिंपी दारात उभा होता. आता तर हा घर सोडणारच नाही, मला वाटलं. पण त्याचा चेहरा पाहवेना.

"वहिनी, हे काय?"

"ऊन आहे," मी कसंबसं म्हटलं.

"ते दिसतंय! पण तुम्ही अंधार आहे म्हणालात!"

"मग चांगलंच झालं ना?"

"काय चांगलं? मला कापडाचे तागे ठेवायचेत इथे! या उन्हात माझा निळा महिन्याभरात पांढरा होईल. मी अंधार बघून हो म्हटलं होतं, वहिनी. असं फसवायचं नाही." आणि टेप गळ्यात टाकून तो तरातरा जिना उतरून गेला.

उन्हामुळे कुणी मला फसवी म्हणेल, असं कधी वाटलं नव्हतं. मला त्याच्या मागे धावत जाऊन त्याच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला. (मास्तर स्टुलावर होते, म्हणून राहिलं.)

"पण तुमची बदली?" मला एकदम आठवलं.

मास्तर स्टुलावरून उतरले, खिशातून चौघडी घातलेला अर्ज काढला आणि खोक्यावर ठेवला. दिलाच नव्हता त्यांनी.

"का हो?"

"तुला ती नणंद आहे," मास्तर म्हणाले. "माझी बहीण आहे. माझं सगळं लहानपण तिच्यासमोर गेलंय. परत जायची माझी हिंमत नाही."

ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं. नणंदबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. तो आठवडा फार चांगला गेला. गॅलरी मुलांना देऊन टाकली. तिथे आता एक चिंधीही वाळत घालायची नाही, अशी मी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. धाकटा रोज सकाळी तिथे लोळायला लागला. खोकलाही उतरत गेला.

मग एक दिवस मशीन पुन्हा बंद पडलं. हातात एकच जड रजई होती. एकच. संध्याकाळपर्यंत. तात्पुरती.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मला पुन्हा शाळेत बोलावलं. टेबलावर थोरलीचं नवं चित्र होतं. सूर्य या वेळी गोल होता, पिवळाधमक होता. फक्त तो दोरीवर लटकत होता, दोन चिमटे लावून.

"मी विचारलं, असा का?" बाई म्हणाल्या. "तर म्हणाली, आईकडे धुवायला दिलाय. मी म्हटलं, मग परत कधी मिळणार?"

मी मान खाली घातली. उत्तर मला माहीत होतं.

"गुरुवारी म्हणाली."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. गॅलरीतली ती रजई त्यांचीच होती.