शकूताईंची भरती

शकूताई बावनकरांना कुणी बोलावत नाही, पण आमच्या भागातली एकही विदाई त्यांच्याशिवाय होत नाही.

विदाई म्हणजे लग्नातली नव्हे हो. आमच्या भिलाईत स्टील प्लांटमधली माणसं महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतात. डिपार्टमेंटमध्ये हार, शाल, नारळ, आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. म्हणजे ज्या दिवशी माणसाचं वेळेशी काही काम उरत नाही, नेमकं त्याच दिवशी घड्याळ देतात! संध्याकाळी घरासमोर पेंडॉल, समोसे, गुलाबजाम आणि भाषणं. त्या पेंडॉलमध्ये मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेतलेल्या ठेंगण्या बाई दिसल्या की समजायचं, शकूताई आल्या. नवऱ्याकडचे समजतात बायकोच्या नात्यातल्या असतील. बायकोकडचे समजतात डिपार्टमेंटच्या असतील. शकूताई कुणाचाच गैरसमज दूर करत नाहीत, समोसा मात्र आणखी एक मागून घेतात. आणि भाषणं रंगात आली की सत्कारमूर्तीकडे टक लावून बघत बसतात. तोंडाकडे नाही, हातांकडे.

"तोंड काय, त्या दिवशी सारेच रडवेले असतात," असं त्यांचं म्हणणं. "हात काय करून राहिले ते पाहा ना जी."

माझे हात काय करत होते ते मला नंतर कळलं. मी जन्मभर रेल मिलमध्ये क्रेन चालवली. माझ्या विदाईला साहेब बोलायला उभे राहिले, आणि लांजेवार हे माझं सरळसाधं आडनाव त्यांनी दर वेळी नव्या तऱ्हेनं घेतलं. तेवढ्या वेळात मी समोशाच्या कागदी प्लेटची होडी करून टाकली होती. मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं उठलो. दाढी केली, पँट चढवली, एक बूट घातला, आणि मग आठवलं की आता कुठं जायचं नाही. दुसरा बूट घालावा की पहिला काढावा, हेच समजेना. तेवढ्यात फाटक वाजलं.

"लांजेवारभाऊ, एक बूट घातला ना? मंग घाला दुसरा. चला."

"कुठं?"

"कुरुदले. पोरं वाट पाहून राहिली."

"अहो बाई, मी क्रेनवाला. मला काही येत नाही."

"मंग काल त्या प्लेटीची होडी कोनं केली? माह्या नवऱ्यानं?"

मी काही बोलायच्या आत आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "घेऊन जा हो ताई, घेऊन जा!" बायकोला माझ्या रिटायरमेंटची किती धास्ती होती ते मला त्या दिवशी समजलं.

भिलाईला लागूनच्या कुरुदला शकूताईंच्या, म्हणजे आता आमच्याही, संस्थेच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. ड्रायव्हर, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, अशांची पोरं तिथं येतात आणि चित्र, गाणं, नाटक शिकतात. शिकवणारे सगळे आमच्यासारखे, हौसेचे आणि बिनपगारी. त्यांना जमवणं आणि टिकवणं हे शकूताईंचं खातं. 'वॉलंटियर' हा शब्द त्यांच्या तोंडी बसत नाही. त्या सरळ 'भरती' म्हणतात. मी त्यांची भरती. पोरं मला 'नाववाले दादाजी', म्हणजे होडीवाले आजोबा, म्हणतात, आणि आता मला कागदाचा बेडूक, बगळा आणि उघडझाप करणारी चोचसुद्धा येते.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी शकूताई शिकवू देत नाहीत. पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसवतात आणि म्हणतात, "आज तुमीच शिका." मी म्हणालो, गुडघे दुखतात. तर म्हणाल्या, "गुडघ्याले सांगा, एकच दिवस आहे." शेजारच्या चिमुरडीनं माझ्या हत्तीकडे बघून विचारलं, "दादाजी, ये टमाटर है क्या?" तेव्हापासून मी कुठल्याच पोराच्या चित्राला नावं ठेवलेली नाहीत. शकूताईंना हवं होतं ते झालं.

चुका होत नाहीत असं नाही. एकदा महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या सवयीप्रमाणे एका पेंडॉलमध्ये शिरल्या. समोर पिकल्या केसांचा माणूस, गळ्यात हार, आणि बोटं खुर्चीच्या पाठीवर असा काही ठेका धरून बसलेली की वा! शकूताई खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात उभ्या. बायको म्हणाली, झोपलेत. शकूताई म्हणाल्या, पहिल्याच दिवशी असं झोपून कसं चालेल, उठवा. बिचारा साहूजी डोळे चोळत बाहेर आला. तो रिटायर झालाच नव्हता. तो पेंडॉल त्याच्या मुलीच्या साखरपुड्याचा होता, हार व्याह्यांनी घातला होता, आणि त्यावर नाईट शिफ्ट करून तो नुकताच आडवा झाला होता.

दुसरी कुणी असती तर माफी मागून पळाली असती. शकूताई म्हणाल्या, "नोकरी बाकी आहे? काही हरकत नाही. वीकली ऑफ कधी असते?"

साहूजी आमच्याकडे ढोलक शिकवतो.

आणि कुणी गळालं तर? दुर्गच्या मोहन नगरातल्या जोशीबाई गाणं शिकवायच्या. एक दिवस एक पोरगं म्हणालं, "दादी, आप की आवाज फटती है." झालं! बाई दुसऱ्या आठवड्यापासून आल्याच नाहीत. शकूताईंनी फोन केला नाही, की समजूत घातली नाही. दोन पिशव्या मटर घेऊन सरळ मोहन नगर गाठलं. दोघी दुपारभर शेंगा सोलत बसल्या. क्लासचा विषयच नाही! सोलता सोलता जोशीबाई गुणगुणायला लागल्या, शकूताईंनी नुसती मान डोलावली, दाणे डब्यात भरून दिले आणि बस पकडली. पुढच्या रविवारी बाई पोरांच्या आधी हजर. मी विचारलं, काय जादू केली? तर म्हणाल्या, "मी काही म्हनलं का? मी तं मटर सोलले."

अशी ही बाई! खरं सांगतो, हिला प्लांटनं पर्सोनेलमध्ये घेतलं असतं ना, तर संप नावाची गोष्टच आम्हाला माहीत झाली नसती.

पण एक माणूस काही शकूताईंच्या हाती लागेना. तो म्हणजे त्यांचे यजमान, बावनकरजी.

बावनकरजी कोक ओव्हनमध्ये होते. त्या भट्ट्यांजवळ उभं राहून माणूस वाळतो म्हणतात, पण हे गणपतीच्या दिवसांत अंगात आल्यागत नाटकाचे पडदे रंगवायचे. राजवाडा, देऊळ, नदी. त्यांची नदी बघून आमच्या सेक्टरमधलं एक लहान पोर चड्डी काढून स्टेजवर चढलं होतं. आणि हाच माणूस रिटायर झाला तो अंगणात खुर्ची टाकून पेपर घेऊन बसला, तो बसलाच. ना भांडण, ना तक्रार. शकूताई विचारायच्या, हे "नाही" म्हणायचे आणि पान उलटायचे.

यंदा आमच्या पोरांचं नाटक पहिल्यांदा खऱ्या स्टेजवर व्हायचं होतं. जंगलातली गोष्ट, म्हणजे जंगलाचा पडदा हवा. कुणीतरी सुचवलं, फ्लेक्स छापून घेऊ. शकूताई अशा उसळल्या! "फ्लेक्सवर नेत्याचा हॅपी बर्थडे छापतात. जंगल छापते का कोनी?" त्यांनी मांजरपाटाचे तुकडे मशीनवर जोडून भलामोठा पडदा शिवला आणि नवऱ्याच्या पुढ्यात दोरीवर टांगला. बावनकरजींनी खुर्ची फिरवली. त्या बाजूला ऊन येतं म्हणाले.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर शकूताई माझ्याजवळ पायरीवर बसल्या. नेहमीचा आवाज नव्हता.

"भाऊ, साऱ्या भिलाईले मी उठवून राहिली, अन् माह्या घरचा मानूस बसूनच आहे. असा बसून बसून तो एक दिवस उठनारच नाही. मले भेव लागते जी." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तुमी विचारून पाहा. बायकोचं कोनी आयकत नाही."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. शकूताई स्वयंपाकघरात भांडी उगीचच वाजवत राहिल्या. मी आडवळणानं सुरुवात करणार, तोच बावनकरजींनी पेपर खाली ठेवला.

"तिनं धाडलं ना? एक सांगा, तुमाले तिनं किती खेपा विचारलं होतं?"

"कुठलं विचारणं! उठवलं आणि नेलं."

"मंग? आता विचारते?"

"आता हुकूम सोडतात."

"तेच तं!" बावनकरजी खुर्ची ओढून माझ्या जवळ आले. "मले रोज विचारते. सकाळी च्या आनते, बाजूले बसते, खांद्यावर हात ठेवते अन् म्हनते, येता का हो? लांजेवारजी, आमची सारी जिंदगी शिफ्टमधी गेली. मी घरी आलो तं ती झोपेली, ती उठली तं मी झोपेलो. आता कुठं बाजूले बसून कोनी मले काही विचारून राहिलं. हो म्हनलं का संपलं. मंग मी बी तुमच्यासारखाच. रांगेतला."

मला हसू येत होतं. भांडी वाजायची थांबली होती. शकूताई दारात उभ्या होत्या, हातात ओली परात. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"येडा मानूस," त्या म्हणाल्या. "पयले सांगता येत नव्हतं?" आणि परात तिथंच ठेवून त्यांच्या शेजारी बसल्या. "पडदा रंगवला तरी विचारीन. रोज विचारीन. आता झालं?"

बावनकरजींनी खुर्ची परत दोरीवरच्या कोऱ्या कापडाकडे फिरवली.

"निळा रंग लागेल," ते म्हणाले. "पुष्कळ लागेल."

"जंगलाले निळा?"

"पहाटचं जंगल आहे ते."

नाटक झालं. पडदा उघडला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "आई गं!" म्हणालं, ते मी अजून विसरलो नाही. आता बावनकरजी कुरुदच्या पोरांना रंग कालवायला शिकवतात. आणि रोज सकाळी मी फिरायला निघतो तेव्हा त्यांच्या अंगणात चहाचे दोन कप असतात. शकूताई विचारतात, "येता का हो?" बावनकरजी जरा विचार केल्यासारखं करतात, चांगलं ठणकावून "नाही" म्हणतात आणि स्कूटरला किक मारतात. शकूताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागं बसतात.