भिवामामाचं पान, मामीच्या मुंग्या

आमच्या मुरबे गावचा भिवामामा पानाला कातापेक्षा चुना जास्त फासायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी म्हणायचा, "आमी मुंबयला कोकेनचा पान खाल्लेली मानसं! चुना आमाला काय करतो?"

तरुणपणी तो मुंबईच्या गोदीत होता. तिथे चोरून पांढरी पूड घातलेलं, जीभ बधिर करणारं पान मिळायचं. त्या पानापायी दात गेले, नोकरी गेली, आणि तो बायकोला घेऊन गावी आला. गावाने त्याला शौकीन ठरवलं. तारापूरला वीजघराचं काम निघालं, तेव्हा कामगार त्याला बोईसरच्या हॉटेलात चहा पाजून गोष्टी ऐकायचे. "वो जमाना अलग था," बोळक्या तोंडाने तो सांगायचा. "झोप नाय. अंगावर मुंग्या चालायच्या, धरायला गेला तर काय नाय!"

लोक म्हणत, काय दांडगा माणूस!

त्याच्या बायकोच्या, तारामामीच्या अंगावरही मुंग्या चालायच्या. ती हात खाजवून रक्त काढायची, कोपऱ्यात बसून रडायची. तिला मात्र लोक झपाटलेली म्हणत. बाप्याच्या अंगावर मुंग्या म्हणजे शौक, बाईच्या अंगावर म्हणजे भूत. बाई तसलं पान खाईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एकदा भर बाजारात मासळीची पाटी टाकून ती हात ओरबाडत बसली. दिराने भगत आणला. तिला अंगणात बसवलं. भगताने भूत काढायला छडी उचलली, तसा भिवामामा मध्ये येऊन बसला.

"भूत नाय. मुंबयला मीच तिला तो पान चारलाय. रातचा एकट्याला जागवत नव्हता, म्हनून सोबतीला चारायचो. मार मला."

"दादा, बाईला चारलास? लाज नाय?" दीर ओरडला.

"मी खाल्ला तवा तू हसत व्हतास ना रं?"

भगताने छडी खाली ठेवली. "हा माज्या हातातला काम नाय," म्हणून उठला.

तेव्हापासून बोईसरला भिवामामाला कुणी चहा पाजेना. स्वतः खाल्लं तर मर्द, बायकोला चारलं तर हरामखोर. मला तर दोन्हींत मर्दपणा दिसला नाही.

पुढे तो रोज संध्याकाळी ओट्यावर मामीचा हात मांडीवर घेऊन बसायचा. नसलेल्या मुंग्या चिमटीत धरून अंगणात टाकायचा.

"गेल्या?"

"एक राहिली. कोपराशी."

तो वाकून शोधायचा. मग एकदम हात झटकायचा. "आयला, मलाच चावली गं!"

मामी हसायची.